जमादारांचा चंद्र

माणसानं जळावं तरी कुणावर, याला काही धरबंध असावा. माझ्याबरोबर शिकलेले दोघे-तिघे पुढे प्राध्यापक झाले. एक अमेरिकेला गेला आणि बर्फात उभ्या असलेल्या मोटारीचे फोटो पाठवायला लागला. त्यांच्यावर मी कधी जळलो नाही. मी जळलो तो लोणावळ्याच्या यार्डातल्या एका शंटिंग जमादारावर. शिक्षण चौथी पास, तेही हातापाया पडून. आणि जळलो तो चंद्रावरून.

ते माझे घरमालक. अपोलो चंद्रावर उतरलं त्याच्या आदल्या वर्षी मी लोणावळ्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवायला आलो आणि तुंगार्लीच्या रस्त्यावर त्यांच्या चार खोल्यांपैकी दोन मला मिळाल्या. ओटा आणि न्हाणी सामाईक. माणूस मूळचा जवळच्याच औंढे गावचा. त्यांची बायको तिकडे शेती बघायची. हे सुट्टीच्या दिवशी जायचे आणि येताना आंबेमोहोराचं एक गाठोडं न बोलता आमच्या दारात ठेवायचे. सगळा शेजार त्यांना जमादार म्हणायचा. माझ्या बायकोनं मात्र आठवड्याभरातच त्यांना ‘आबा’ करून टाकलं, आणि माझ्या पोटात पहिल्यांदा दुखलं ते तेव्हा.

त्यांचं काम काय, हे आधी सांगायला हवं. मुंबईकडून पुण्याला जाणारी गाडी कर्जतला थांबते. पुढे घाट. एकट्या इंजिनाला तो चढवत नाही म्हणून गाडीच्या शेपटाला आणखी इंजिनं जोडतात आणि ती मागून ढकलतात. त्यांना बँकर म्हणतात. गाडी लोणावळ्याला आली की बँकर सोडायचे. गाडी पुढे पुण्याला जाते, बँकर मागे कर्जतला उतरतात. जमादार आणि त्यांचे गडी हे बँकर सोडायचे. दिवसभर तेच. गाड्या आणायच्या, सोडायच्या, डबे जोडायचे, तोडायचे. ऊन असो, पाऊस असो, की हाताला हात दिसणार नाही असं लोणावळ्याचं धुकं असो.

या कामानं त्या माणसाला एक खोड लागली होती. कुठलीही जोडलेली वस्तू दिसली की ती ओढून बघायची. “वडून बगितल्याबिगर जोडलं म्हनू नये,” असं ते म्हणत. कुलूप लावलं की तीन हिसके. आमची कपडे वाळत घालायची दोरी ते येता-जाता ओढत, आणि महिन्यातून एकदा ती धुतलेल्या कपड्यांसकट खाली यायची. तळेगावहून माझे सासरे आले, तेव्हा जमादारांनी त्यांच्याशी हात मिळवला आणि सवयीनं असा हिसका दिला की सासरे एक पाऊल पुढे आले. शेजारच्या लग्नात नवरानवरीच्या शेल्याची गाठसुद्धा त्यांनी भटजींच्या देखत ओढून बघितली होती. “घट हाय,” म्हणाले आणि जेवायला बसले.

न्हाणीच्या दारावर त्यांनी दोन निशाणं टांगली होती. आत कुणी असेल तर लाल, नसेल तर हिरवं. मी भौतिकशास्त्राचा पदवीधर, आणि रोज सकाळी खांद्यावर पंचा टाकून हिरव्या निशाणाची वाट बघत उभा राहायचो. एकदा घाईत निशाण न बदलता आत गेलो, तर बाहेरून आवाज आला, “मास्तर, शिंगल तोडलात!”

इथवर सगळं हसण्यावारी होतं. पण चंद्र माझा होता.

अख्ख्या शाळेत इंग्रजी विज्ञानमासिक मागवणारा मी एकटा. अपोलोचे टप्पे, इंधन, वेग, सगळं मला मुखोद्गत. चंद्रावर माणूस उतरणार त्याच्या आदल्या शनिवारी मुख्याध्यापकांनी शाळेच्या हॉलमध्ये गावासाठी माझं व्याख्यान ठेवलं. मी आठवडाभर तयारी केली. दोन फळे भरून रंगीत खडूंनी आकृत्या काढल्या. बायको नवी साडी नेसून पहिल्या रांगेत बसली होती. बाहेर धो धो पाऊस, वर पत्रा, आणि मी ओरडून ओरडून ताशी मैल सांगत होतो. अर्ध्या तासानं लोक खोकायला लागले. मग आमच्या किराणा दुकानदारांनी विचारलं, “सर, एवढं जड धूड वर जातं तरी कसं?” मी फळ्यावर न्यूटनचा तिसरा नियम लिहिला. ते “बरं बरं” म्हणाले आणि छत्री शोधायला लागले.

तेवढ्यात दारातून आवाज आला. ड्युटीवरून परस्पर आलेले जमादार ओली कांबळ हातात धरून उभे होते.

“मास्तर, येक इचारू? ह्येची मागची इंजिनं कितव्या ठेसनाला सुटत्यात?”

सगळा हॉल हसला. मीही हसलो, जरा जास्तच. म्हटलं, “स्टेशन नसतं जमादार तिथं. पहिला टप्पा अडीच मिनिटांनी सुटतो.”

“म्हंजी कर्जत सोडलं न् पळसदरी आली. दुसरा?”

“त्यानंतर सहा मिनिटांनी.”

“ठाकूरवाडी. तिसरा?”

“तिसरा आधी पृथ्वीभोवती फिरवतो आणि मग चंद्राकडे ढकलून देतो.”

“खंडाळा,” जमादार म्हणाले आणि लोकांकडे वळले. “म्हंजी बगा, ह्यो समदा घाट हाय. येवडं मोटं धूड दिसतंय, त्यातलं निम्म्याच्या वर नुसतं बँकर. घाट चडवायचा न् सुटायचं. म्होरं जानारी गाडी येवडीशीच.”

हॉलमध्ये ‘अस्सं होय!’ अशी लाट गेली. त्या हॉलमध्ये घाटातली स्टेशनं पाठ नसलेला माणूस एकही नव्हता. कुणीतरी विचारलं, “आणि चंद्र?” जमादार म्हणाले, “चंद्र म्हंजी पुनं.” टाळ्या पडल्या. व्याख्यान माझं, फळे माझे, घसा माझा बसलेला, आणि टाळ्या त्यांना. घरी येताना बायको म्हणाली, “किती सोपं करून सांगितलं हो आबांनी!” मी छत्री घेऊन भराभर पुढे निघालो.

दुसऱ्या दिवशी रविवार. ओट्यावर सगळा शेजार जमला आणि जमादारांनी चंद्रावर उतरणं करून दाखवलं. रॉकेल ओतायचं नरसाळं पालथं घातलं, ते मुख्य यान. चौरंगावर तांब्या ठेवला, ते उतरण्याचं यान. चौरंग आणि तांब्या माझ्या घरातले. तांब्या-चौरंग चंद्रावर टेकला, दोघे जण हिंडून आले, मग चौरंग खालीच राहिला आणि नुसता तांब्या उठून नरसाळ्याला जाऊन चिकटला. माझी बायको तांदूळ निवडायचं विसरून बघत होती. मी खिडकीतून सांगितलं, “त्याला चांद्रयान म्हणतात, तांब्या नव्हे.” कुणी मान वर केली नाही.

एकच गोष्ट जमादारांना पचली नव्हती. सुटलेले टप्पे समुद्रात पडतात, हे मी सांगितलं तेव्हा ते हबकलेच. “येवडी इंजिनं टाकून द्येत्यात? कुनाला चार्ज न देता?” चौरंग चंद्रावरच राहतो याचंही त्यांना दोन दिवस दुःख होतं.

ट्रान्झिस्टर माझा. सासऱ्यांनी लग्नात दिलेला. सेल मीच घालायचो. पण ज्या सकाळी पहिला माणूस चंद्रावर उतरला, त्या सकाळी तो ट्रान्झिस्टर जमादारांच्या ओट्यावर होता, आणि रेडिओवाला काही बोलला की लोक माझ्याकडे नाही, जमादारांकडे बघायचे. जमादार त्या उतरलेल्यांचं फारसं कौतुक करत नव्हते. त्यांचा जीव मुख्य यानात थांबलेल्या तिसऱ्यावर. “त्यो वर एकलाच फिरतोय. खाली उतरून नाचनं सोपं हाय. वर थांबून वाट बगनं, न् आल्यावर जोड बरुबर घेनं, ह्ये खरं काम. त्येचं नाव बी कुनी घेनार न्हाई बगा.” बायकोनं तिसऱ्याचं नाव पेपरातून काढून भिंतीवर खडूनं लिहून ठेवलं. माझ्या घराच्या भिंतीवर.

मी काय काय केलं ते सांगायला लाज वाटते, पण सांगतो. माझं मासिक मी कपाटात ठेवायला लागलो. एकदा त्यांनी विचारलं, “मास्तर, तितं दोन यानं जोडत्यात ती कशी? आमच्यावानी आकडा असतोय का?” मला माहीत होतं, चित्रही माझ्याकडे होतं. मी म्हणालो, “फार तांत्रिक आहे, तुम्हाला नाही कळायचं.” ते बरं म्हणाले. मग बँकर सुटेपर्यंत गाडी उभी असायची, तेवढ्या वेळात पहिल्या वर्गाच्या खिडक्यांशी जाऊन त्यांनी विचारायला सुरुवात केली, “सायेब, चंद्राचं पुस्तक हाय का वाचून झाल्यालं?” निळ्या डगल्यातल्या या माणसाला लोक मासिकं द्यायचे. महिन्याभरात त्यातली चित्रं डकवून त्यांची भिंत माझ्या कपाटापेक्षा श्रीमंत झाली. एके दिवशी माझ्यासमोर एक चित्र धरून म्हणाले, “बारा खटके हाईत, मास्तर. वाटुळ्या कड्याला. मोजले.” मी तोवर बारा मोजलेले नव्हते.

सहामाहीत मी प्रश्न घातला, ‘अपोलोच्या रॉकेटचे टप्पे सांगा.’ वर्गातल्या निम्म्या मुलांनी पळसदरी, ठाकूरवाडी, खंडाळा लिहिलं. एकानं पुढे लिहिलं, ‘हे बँकर परत कर्जतला जात नाहीत, समुद्रात पडतात, ही नासाडी आहे.’ मी त्या सगळ्यांना शून्य दिलं. उत्तरं बरोबर होती.

पुढे दोन-तीन वर्षांनी चंद्रावर जीप नेली तेव्हा जमादार म्हणाले, “आता तितं बी फाटक लागंल.” आणि सगळ्या मोहिमाच थांबल्या तेव्हा मला येऊन विचारलं, “लाइन बंद क्येली का वो?” मी हो म्हटलं. त्यांनी भिंतीवरची चित्रं काढली नाहीत, फक्त नवी लावणं सोडलं. पण हे सगळं नंतरचं. मला जे सांगायचं आहे ते पहिला माणूस उतरला त्याच्या पुढच्याच एप्रिलमधलं, तिसऱ्यांदा माणसं चंद्रावर उतरायला निघाली होती तेव्हाचं.

वाटेतच त्यांच्या यानात स्फोट झाला. संध्याकाळी रेडिओनं सांगितलं, मुख्य यानाची वीज गेली, प्राणवायू गेला, त्याचं मोठं इंजिन आता भरवशाचं नाही, आणि तिघेही चंद्रावर उतरायच्या छोट्या यानात शिरून बसले आहेत. ओटा भरला. जमादार ड्युटीवर होते, त्यामुळे पहिल्यांदाच सगळे माझ्याकडे बघत होते. बायकोसुद्धा. “अहो, येतील ना ते परत?” तिनं विचारलं.

किती दिवसांनी मी बोललो आणि लोक ऐकत राहिले! मी सांगितलं, मोठं इंजिन गेलं म्हणजे संपलं. छोट्या यानाचं इंजिन असतं चंद्रावर अलगद टेकण्यापुरतं. एवढं मेलेलं यान पुढे लावून ढकलणं हे त्याचं काम नव्हे. गुरुत्वमध्य हलेल, यान गरगरेल. मी बोलत असताना जमादार आले, पायरीवर बसले आणि शेवटपर्यंत नीट ऐकलं.

“मास्तर,” ते म्हणाले, “छोट्याचं इंजिन धड हाय न्हवं?”

“धड आहे, पण ते त्यासाठी नाही.”

“पुडचं इंजिन फेल झालं म्हनून गाडी घाटात सोडून देत न्हाईत. मागचं असतंय की. त्ये ढकलंल.”

“जमादार, हे अंतराळ आहे. तुमचा घाट नाही!”

“व्हय की. पर जोड शाबूत हाय का न्हाई? जोड हाय तवर गाडी हाय.”

लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकलेला मला ऐकू आला. माझं डोकंच फिरलं. मी उभा राहिलो आणि सगळ्यांसमोर म्हणालो, “लिहून देतो. हे तिघे परत येणार नाहीत.”

बायको उठून आत गेली.

दुसऱ्या दिवशी बातमी आली, छोट्या यानाचं इंजिन चालवलं आणि सगळी जोडगाडी पृथ्वीच्या वाटेला लागली. बँकरनं ढकललं! शेजारी धावत आले, जमादारांच्या पाठीवर थापा मारल्या. मी म्हणालो, अजून पाणी पुरायचंय. वीज पुरायचीय. आत थंडी आहे, हवा खराब होतेय, आणि हवेत शिरताना कोन जरा चुकला तर जळून खाक. जे जे बिघडू शकतं ते ते मी बोटांवर मोजलं, आणि मोजताना मला बरं वाटत होतं. शाळेत मधल्या सुट्टीत मी रेडिओच्या बातम्या कान देऊन ऐकायचो, आणि सगळं ठीक आहे असं कळलं की डबा खाववेना. पेपरात त्यांच्या बायकांचा फोटो आला होता. मी पान उलटलं.

देशोदेशीचे लोक त्या तिघांसाठी देव पाण्यात घालून बसले होते, आणि मी लोणावळ्यात बसून त्यांच्या मरणाची वाट बघत होतो. याला दुसरा शब्द नाही. ते मेले असते तर मी बरोबर ठरलो असतो, एवढाच माझा फायदा.

तिसऱ्या संध्याकाळी ताटात भात वाढता वाढता बायको म्हणाली, “एक विचारू? तुमचं खरं व्हावं असं वाटतंय ना तुम्हाला?”

“काहीतरीच काय!” मी म्हणालो. तिनं आमटी वाढली आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसली. जमादार त्या दिवसांत गप्पच असायचे. एकदाच त्यांनी मला विचारलं, “मास्तर, काय ऐकलं?” जणू खरी बातमी माझ्याकडूनच कळायची होती. त्याचाही मला राग आला.

शनिवारी सकाळच्या बातम्यांत आलं, तिघेही सुखरूप समुद्रात उतरले. गल्लीत एकच आरडाओरडा. बायकोनं डोळे पुसले, साखरेचा डबा आणला, आधी जमादारांच्या हातावर साखर घातली, मग सगळ्यांच्या, मग माझ्या. मी ती तोंडात टाकली. शनिवारची सकाळची शाळा, म्हणून लगेच पिशवी घेऊन निघालो. जमादारांचीही ड्युटी होती. ते बरोबर चालायला लागले. मला वाटलं, आता बोलतील. लोकांसमोर बोलले नाहीत, आता एकट्याला ऐकवतील. मी उत्तर तयार ठेवलं होतं.

ते स्टेशनच्या पुलावर थांबले. खाली गाडी उभी होती आणि शेवटच्या डब्याशी त्यांचे गडी वाकलेले होते.

“मास्तर, वाईट वाटलं न्हवं तुमाला?”

“कशाचं?”

“तिघं आलं त्येचं.”

मी काहीतरी तडकून बोलणार होतो. पण ते माझ्याकडे बघतच नव्हते. खाली बघत होते, आणि आवाजात टोमणा नव्हता.

“मला ठावं हाय त्ये कसं असतंय,” ते म्हणाले. “माज्यासंगं येक गडी लागलावता कामाला. कार्ल्याचा. माज्याच वयाचा, पर लय हुशार. मला मागं टाकून आदी जमादार झाला. सायेब कायबी असलं की त्येलाच इचारायचा. पोरं त्येच्याच मागं. मी जळायचो. रोज सकाळी यार्डात शिरताना म्हनायचो, आज ह्येचा हात चुकू दे. येकदाच. समद्यांम्होरं.”

खाली कुणीतरी शिट्टी वाजवली. गाडी पुण्याकडे निघाली, बँकर जागेवर राहिले.

“मग?” मी विचारलं.

“मग चुकला. धुकं हुतं. जोड घ्यायला दोन डब्यांच्या मदी गेलता, पाय घसरला. मी हितं असा पंधरा पावलांवर हुतो.” बँकरकडे बघत म्हणाले, “त्येच्या जाग्यावर मला जमादार क्येलं.”

पुलावरून माणसं आमच्या अंगावरून जात होती. जमादारांनी टोपी सारखी केली.

“तुमी सुटलात, मास्तर. तुमचं तिघंबी घरला गेलं.”

आणि ते जिना उतरून यार्डात गेले. मी वरून बघत राहिलो. ते रूळ ओलांडून बँकरजवळ गेले, गड्यांना काहीतरी म्हणाले, आणि कामाला लागले. शाळेची घंटा झाली ती मला ऐकू आली. त्या तिघांना पृथ्वीवर पोचून एव्हाना सात-आठ तास झाले होते. ते जिवंत आहेत, याचा आनंद मला तेव्हा झाला. इतका झाला की मी पिशवी खाली ठेवली आणि दोन्ही हातांनी पुलाचा कठडा धरून उभा राहिलो.